मूठ घरची

डोळे गच्च मिटून, तोंड छताकडे करून टाहिलने दोन्ही हात पुढे पसरले.

"ठेवा," तो म्हणाला. "आणि आता कुणी बोलायचं नाही. तलवार बोलणार, मी ऐकणार. मध्ये माणसाने तोंड घातलं की ती लाजते."

म्हातारीने नाक मुरडलं. "तुम्हा सुलुवाल्यांचं सगळं नाटकच."

"तिकीट नाही लावलेलं, अपो. फुकटात बघून घ्या."

लानाओकडे, तळ्याकाठच्या मुलखात, आजीला अपो म्हणतात. म्हातारीने दारात पाय ठेवला तेव्हाच टाहिलने तिचं गाव हेरलं होतं. माणसं ओळखायला त्याला डोळे उघडे लागायचे, तलवारींना तेवढेही लागत नसत.

फेलीने चादरीची घडी सोडली आणि तलवार त्याच्या तळहातांवर आडवी ठेवली. सत्तावीस वर्षांची, दवाखान्याच्या पांढऱ्या गणवेशातली ही मुलगी सरकारी प्रसूतिगृहात दाई होती. आल्यापासून चार शब्दसुद्धा बोलली नव्हती. म्हातारीचा हात मात्र तिने सोडला नव्हता. की म्हातारीने तिचा, ते सांगणं कठीण होतं.

झांबोआंगा बंदरात, धक्क्यामागच्या गल्लीत तलवारींचं दुकान चालवणाऱ्या टाहिलचा हा खेळ सगळ्यांना पाठ होता. कुणीही यावं, कुठलीही तलवार हातात द्यावी, टाहिल न बघता तिचं गाव सांगणार. चुकला तर कॉफी त्याची. पंचवीस वर्षांत त्याने कुणाला कॉफी पाजल्याचं ऐकिवात नव्हतं. थापाही तितक्याच मारायचा. एकदा त्याने एका हौशी पाहुण्याला बायकोची मासे कापायची सुरी सुलतानाची म्हणून दाखवली. पाहुण्याने भक्तिभावाने वाकून बघितली, आणि आतून बायको ओरडली, "झालं असेल तर आणा इकडे, बांगडे तसेच पडलेत!"

टाहिलचा अंगठा पात्यावरून हळूहळू वर सरकला. पातं नागमोडी होतं.

"अकरा वळणं," तो पुटपुटला. "म्हातारं पातं. चांगलं पोसलेलं. पण पात्याचं काय घेऊन बसलात, पातं फिरतं."

"मूठ घरची," म्हातारी पटकन म्हणाली.

"वा! म्हणजे एकाच शाळेतले आपण. तुम्ही पुढच्या बाकावर असणार." टाहिलने मान डोलावली. "पातं लढाईत हरतं, लग्नात मुलीकडे जातं, बाजारात विकलं जातं. घरी आणलं की मालक आपल्या गावच्या कारागिराकडून आपल्या हाताची मूठ बसवून घेतो. माणूस शोधायचा तर मूठ धरायची."

बोटं मुठीवर पोचली आणि तो खुदकन हसला.

"सुलुची मूठ म्हणजे कोळ्याचं घर. एक पक्षी, चार वेढे दोरी, संपला संसार. कोताबातोची जरा खातीपिती. आणि लानाओची मूठ म्हणजे लग्नातली करवली! बोटभर जागा रिकामी दिसली की घाल दागिना. ही चांदी. ही वेल. वेलीला पान, पानातून पुन्हा वेल. श्वास घ्यायला जागा ठेवली नाही शहाण्याने. लानाओ, अपो! तुमच्या तळ्याकाठचं काम. आणि थांबा..." अंगठा थबकला, परत फिरला. "वेल उलटी चढते. उजवीकडून डावीकडे. डावखुऱ्याची मूठ आहे ही."

म्हातारीच्या तोंडून एक आवाज निघाला. रडण्याचा नव्हता. फार वेळ डोक्यावर धरलेलं ओझं खाली टेकवताना निघतो, तसला.

"मामारिंता," ती म्हणाली. "माझा नवरा. डाव्या हाताने जेवतो म्हणून सासू लाटण्याने मारायची त्याला."

"माझी एक कॉफी वाचली," असं म्हणून टाहिलने डोळे उघडले.

मूठ जिथे पात्याला भेटते तिथे पितळेची एक बारीक पट्टी आवळलेली असते, मूठ हातात गरकन फिरू नये म्हणून. पट्टीच्या कडेला, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत, सुईने ओरखडून काढलेला एक खेकडा होता.

दुकानदार निघून गेल्यावरही पाटी लटकत राहते, तसं टाहिलचं हसू चेहऱ्यावर लटकत राहिलं.

खेकडा त्याचाच होता. मोडक्या तलवारी जुळवून पाहुण्यांना विकायचे दिवस होते, इकडचं पातं, तिकडची मूठ. तेव्हा तो प्रत्येकीवर असा एक खेकडा काढून ठेवायचा. वाकडं काम, वाकड्या चालीचा प्राणी. ही गंमत जगात त्याला एकट्यालाच कळायची आणि एकट्यालाच पुरायची.

"काय झालं?" म्हातारीने विचारलं.

"काही नाही. उजेड डोळ्यांत गेला."

"मग नीट बस आणि ऐक. मी काही तुझा तमाशा बघायला जहाजातून आले नाही." म्हातारी स्टुलावर पुढे सरकली. तिचं नाव रोकाया. सत्तरी कधीच ओलांडलेली. दातांवर पानाचा रंग, आवाजावर पंचायतीत भांडल्याचा. "कासान माझा मुलगा. तुमच्या सुलुत, होलो शहरात त्याचं कापडाचं दुकान होतं. बाजाराच्या मागच्या आळीत. बापाची तलवार गल्ल्याच्या वर टांगलेली असायची. बायको, एक तान्ही पोर. मग लढाईत होलो जळलं त्या वर्षी, चौऱ्याहत्तरला, तिघांतलं कुणीही आलं नाही. ना चिठ्ठी, ना मयत. जो भेटेल त्याला विचारलं मी. सत्तावीस वर्षं विचारतेय. गावातल्या बाया माझी हाक आली की दुसऱ्या वाटेने जातात."

 टाहिलने तलवार मांडीवर घेतली.

"गेल्या महिन्यात आमच्याकडचा एक फेरीवाला इथे दारोदार पडदे विकत हिंडत होता. हिच्या घरी गेला. भिंतीवर ही! त्याने फोटो काढून आणला. फोटो तांबडा, अंधारा, पण वेल ओळखली मी. पातं काही मला आठवत नाही, पात्याशी बायकांना काय करायचंय. मूठ मीच पुसायची, लिंबाने, दर शुक्रवारी. पडदे घेतलेस ना ग त्याच्याकडून?"

"घेतले, अपो," फेली म्हणाली. "दोन."

"बरं केलंस. फसवलंच असेल म्हणा त्याने."

टाहिलने फेलीकडे पाहिलं. "आणि तुझ्याकडे कुठून आली, इंदा?" सुलुकडे लेकीच्या वयाच्या मुलीला इंदा म्हणतात. टाहिलच्या तोंडी ते सवयीने आलं.

फेलीने सांगायला सुरुवात केली, ठरलेलं काही सांगावं तशी. "मला नाना ट्रिनिंगने वाढवलं. नाना म्हणजे आमच्याकडे आई. धक्क्यावर केळ्याची भजी विकायची. त्या वर्षी होड्यांवर होड्या येत होत्या. होलोहून, बासिलानहून, कोताबातोहूनसुद्धा. एका बाईने मला आणि ह्या तलवारीला नानाच्या टोपलीशेजारी ठेवलं. अंगात ताप होता तिच्या. पाणी घेऊन येते म्हणाली." ती थांबली. "कापडात गुंडाळलेलं होतं म्हणे मला. त्यावरून कळलं असतं कुठली ते. पण नानाने फाडून त्याचे लंगोट केले. ती म्हणायची, बाळाला आधी कोरडं ठेवावं, वंश मग शोधावा."

"शहाणी बाई," म्हातारी म्हणाली. "देव तिचं भलं करो, तिचा देव कुठलाही असो." मग ती टाहिलकडे वळली. "आता दुसरं. आमच्या घराण्याची वंशावळ माझ्या दिराकडे आहे. कागदावर नाही, तोंडात. सात पिढ्या घडाघडा म्हणतो, लग्नात, मयताला. त्यात हिचं नाव घालायचं आहे मला. तर म्हातारा अडून बसलाय. म्हणतो, मूठ मामारिंताची असेल, पण मधल्या काळात कुणी मूठ काढून दुसऱ्या पात्यावर बसवली नाही कशावरून? म्हणाला, झांबोआंगाचा टाहिल जर म्हणाला की मूठ हललेली नाही, तर मी म्हणेन हिचं नाव. तर सांग. हललीय का?"

छतावरचा पंखा खडखडत होता. बाहेर कुणीतरी मासळीच्या बर्फाची लादी फोडत होतं.

"बघावं लागेल," टाहिल म्हणाला. "अशी घाई..."

"मघाशी तर डोळे मिटून गाव सांगितलंस."

"गाव सोपं असतं."

म्हातारीने वाकून मुठीवर बोट फिरवलं. एका बाजूला चांदीवर निळसर-काळा डाग होता, पसरलेल्या शाईसारखा. "हा नव्हता. मी पुसायची तेव्हा नव्हता. कसला रे?"

टाहिलला डाग ओळखायला पट्टीवरच्या खेकड्याएवढाच वेळ लागला. होलो जळल्यावर काही महिन्यांनी भंगाराचं एक पोतं त्याच्या बापाने विकत घेतलं होतं. कड्या, बिजागऱ्या, पितळी तबकं, आणि एक तलवार, जिचं पातं आगीत कमान झालं होतं. पातं फेकलं. मूठ पुसून ठेवली. बारा वर्षं ती बाकाखाली पडून होती, कुणीतरी यावं आणि तिला पातं मिळावं म्हणून.

"खारी हवा," तो म्हणाला. "समुद्राजवळ चांदीला पडतो असा डाग. लिंबाने जाईल."

"मला वाटलंच," म्हातारी म्हणाली.

मशिदीतून असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, बांग झाली. म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. आतल्या खोलीत टाहिलच्या बायकोने वजूसाठी, नमाजाआधी हातपाय धुवायला, पाणी ठेवलं होतं, चटई अंथरली होती. दारात थांबून म्हातारी म्हणाली, "माझं होईपर्यंत नीट बघ. आणि मग पात्यावर हात ठेवून सांग. आमच्याकडे तसंच सांगतात."

"आमच्याकडेही," टाहिल म्हणाला.

पडदा पडला. टाहिलने भिंग उचललं, पट्टीवर धरलं, परत खाली ठेवलं. कॉफीचा कप सरळ केला. कपाखालची बशी सरळ केली.

"इंदा, एक गंमत सांगतो तुला," तो म्हणाला आणि बशी पुन्हा फिरवली. मग म्हणाला, "गंमत नाहीये."

"तुमच्याकडे तेव्हा हा पंखा नव्हता," फेली म्हणाली.

टाहिलने वर पाहिलं.

"पंधरा वर्षं झाली. मी बारा वर्षांची होते. नानाबरोबर आले होते. तुम्ही माझ्या कानामागून नाणं काढून दाखवलंत, मग परत मागितलंत." ती पंख्याकडेच बघत होती. "मुठीवर पांढरा पक्षी होता. मी लहान असताना तो चघळायचे म्हणे, दात येत होते तेव्हा. त्याच्या तुऱ्याला चीर गेली होती. नाना म्हणाली, पोरीच्या हाताला लागेल, काहीतरी करा. तुम्ही म्हणालात, हे हाड किडलंय, मावशी, ह्याच्यापेक्षा झकास मूठ बसवून देतो, चांदीची, पैसेही नकोत."

"हाड नव्हतं," टाहिल म्हणाला. "हस्तिदंत होतं. जुनं."

"ते मला पुढे कळलं."

"एका जहाजाच्या अधिकाऱ्याला विकला मी पक्षी. आठवडाभर हसत होतो. गल्लीत सगळ्यांना सांगितलं, भजीवालीला चांदी दिली आणि..." पुढचं त्याने गिळलं. "सुलुची होतीस तू, इंदा. लानाओची नाही. तो पक्षी सुलुशिवाय कुठे होत नाही. आमच्यातली होतीस."

"तेही कळलं. एका पुस्तकात चित्र बघितलं."

"मग ही म्हातारी? तिला तू..."

"मी नाही म्हणायलाच गेले होते." फेलीने चादरीच्या कडेचा एक दोरा ओढायला सुरुवात केली. "फेरीवाल्याने निरोप दिला, आजी येतेय. मी म्हटलं, बिचारी दमून येईल, धक्क्यावरच सांगून टाकू, परतीचं तिकीट काढून देऊ. वाक्य पाठ केलं होतं. अपो, ही मूठ नंतर बसवलेली आहे, मला माफ करा. दोनदा आरशासमोर म्हणून बघितलं. ती उतरली. दोन दिवसांचा प्रवास, पाय सुजलेले. सरळ माझ्याकडे आली आणि माझं तोंड असं धरलं." फेलीचे हात वर आले आणि हवेत त्यांनी एक चेहरा धरला. "आणि विचारलं, जेवलीस का."

आत म्हातारीचा पुटपुटण्याचा आवाज चालू होता. चटईवर गुडघे टेकल्याचा आवाज झाला.

"मी रोज चार-पाच बाळांच्या कागदांवर आईबापाची नावं लिहिते, बापा." सुलुकडे काकाला बापा म्हणतात. "माझ्या कागदावर तिथे दोन रेघा आहेत. नाना गेली तेव्हा तिच्या मुलांनी मयताला मला मागच्या रांगेत उभं केलं. वाईट नाहीत ते. रांग तशीच असते." दोरा तुटला. "मी काही सांगत नाही तुम्ही काय बोलायचं. पात्यावर हात तुमचा असणार आहे."

 टाहिलने तिला पोत्याचं सांगितलं. कमान झालेल्या पात्याचं, निळ्या डागाचं. हळू आवाजात, पडद्याकडे बघत.

"म्हणजे मूठ खरंच तिची," फेली म्हणाली.

"खरंच. लबाडी नाही त्यात. शुक्रवारी लिंबाने पुसायची तीच."

"आणि कासान दुकानातच..."

टाहिलने होकारार्थी मान हलवली.

"तिला नका सांगू."

"नाही."

फेलीने मुठीवरच्या डागाला बोट लावलं, मघाशी म्हातारीने लावलं होतं तिथेच. "म्हणजे आम्हा दोघींतल्या एकीचं तरी माणूस सापडलं," ती म्हणाली.

पडदा सरकला. म्हातारी ओढणी सारखी करत बाहेर आली, स्टुलावर बसली आणि तिने टाहिलसमोर तळहात उघडा केला, जणू तो तिथे काहीतरी ठेवणार होता.

"बघितलंस?"

"बघितलं."

"मग ठेव हात."

टाहिलने तलवार बाकावर ठेवली. उजवा हात पाटलोणीला पुसला आणि पात्यावर ठेवला, रुंद बाजूवर, जिथे पहिलं वळण सुरू होतं. लोखंड थंड होतं. आयुष्यात त्याने हजार थापा मारल्या असतील, आणि प्रत्येक वेळी पोटात आधी गुदगुल्या व्हायच्या, शेजारच्या झाडावरचा पेरू चोरताना होतात तशा. आज पोट मुकाट होतं.

"ही मूठ ह्या पात्यावरून हललेली नाही," तो म्हणाला. "जशी घरातून निघाली तशीच आहे."

"अल्लाच्या नावाने सांग," म्हातारी म्हणाली.

फेली खाली बघत होती.

"अल्लाच्या नावाने," टाहिल म्हणाला.

म्हातारीने मान डोलावली. तिच्या चेहऱ्यावर मोठं काही घडलं नाही. तिने फक्त फेलीच्या गणवेशाच्या खांद्यावरची एक सुरकुती हाताने सपाट केली, पुन्हा केली, आणि मग हात तिथेच राहू दिला. "दीर म्हणेल बघ आता. भसाडा आवाज आहे मेल्याचा, पण म्हणेल. मामारिंताचा कासान, कासानची..." ती थांबली आणि घाईघाईने उठली. "संध्याकाळचं जहाज आहे. गाडी बघते मी. तू बांध ती. आणि तू रे, सुलुवाल्या, वाईट माणूस नाहीस. जेवायला ये कधी तळ्याकडे. तुमच्यासारखं नारळ जाळून रश्शाचं काळं पाणी नाही करत आम्ही. खरं तिखट खाऊ घालते."

"रडवाल मला, अपो."

"रडायलाच हवं. त्याशिवाय जेवल्यासारखं वाटतं का?"

ती बाहेर गेली. क्षणभरात तिचा तीनचाकीवाल्याशी वाद सुरू झाला. धक्का एवढा जवळ असताना एवढे पैसे कसले, आणि तुझी आई तुला हेच शिकवते का.

फेलीने तलवार चादरीत गुंडाळली. आधी पातं, मग मूठ. बाळाला गुंडाळावं तशी, सवयीच्या हातांनी, एक टोक आत खोचून. गाठ मारता मारता ती म्हणाली, "पक्ष्याच्या गळ्याभोवती नक्षी होती. मला तेवढंच आठवतं, ओठांना खरखरीत लागायची. तुम्ही तर नीट बघितला होतात. सुलुच्या कुठल्या बेटाचा होता, बापा?"

टाहिलने तोंड उघडलं.

गळ्यावरच्या नक्षीवरून बेट ओळखायचं, हा तर त्याच्या डाव्या हातचा मळ. कधीकधी कारागीरही सांगायचा, आणि कारागीर कळला की तो कुणाकुणाच्या घरच्या मुठी करायचा तेही. त्या दिवशी त्याने पक्षी खिडकीपाशी नेऊन उलटासुलटा करून बघितला होता, ते त्याला आठवत होतं. अधिकाऱ्याचा सोन्याचा दात आठवत होता. त्या पैशांत दुसऱ्या दिवशी सकाळी चार मित्रांना घेऊन खाल्लेली, काडीला टोचून भाजलेल्या मांसाची तांबड्या रश्शातली काडी न् काडी आठवत होती, कोण काय बोललं, कुणाला ठसका लागला. बायकोला घेतलेलं हिरवं कापड आठवत होतं. पक्ष्याचा गळा आठवायला गेलं की नुसतं पांढरं दिसत होतं.

"सियासीचा," तो म्हणाला. "सियासी बेट. तिकडे गळ्याला असे दोन वेढे..."

"थाप नको, बापा."

तिने ते रागाने म्हटलं नव्हतं.

टाहिलने दोन्ही हातांनी बाकाची कड धरली.

"आठवत नाही," तो म्हणाला.

फेलीने मान हलवली. कळ कुठे येते ते बाईने सांगितल्यावर दाई हलवते तशी. मग तिने गाठ तपासली, ती पक्की होती, तरी आणखी एक मारली.

"नोराइदा!" बाहेरून म्हातारीची हाक आली.

टाहिलने दाराकडे पाहिलं, आणखी कोण आलं म्हणून. फेलीही तिकडेच बघत होती.

"नोराइदा! अग चल ना, हा मेला ऐकत नाही, आणि जहाज काय तुझ्या काकाचं आहे का थांबायला?"

"कासानची..." म्हणून म्हातारीने मघाशी अर्धवट सोडलेलं नाव हे होतं. फेलीने तलवार काखेत घेतली. "आले," ती म्हणाली, पण इतकं हळू, की ते फक्त टाहिललाच ऐकू गेलं. दोन पावलं पुढे जाऊन तिने घसा साफ केला, उंबऱ्यावर उन्हात उभी राहिली, आणि पुन्हा म्हणाली, ह्या वेळी मोठ्याने:

"आले, अपो."